श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी दिवस आधी दोन घोडे पंढरीच्या ओढीने घर सोडतात, याची खबर पुष्कळांना नसते. हे घोडे निघतात अंकलीहून. अंकली म्हणजे कृष्णाकाठचे, बेळगाव जिल्ह्यातले, हल्ली कर्नाटकात असलेले शितोळे सरदारांचे गाव. तिथून मिरज, सांगली करीत, सातारा जिल्हा ओलांडून, पुण्यावरून ते आळंदीला येतात. दहा-अकरा दिवसांची ही वाट, आणि ती पायी. वाटेतल्या गावांतल्या आयाबाया घागरीतले पाणी त्यांच्या पायांवर घालतात, ओवाळतात, चण्याची डाळ नि गूळ पुढे करतात.

पालखी चालू लागली की यातल्या एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर मात्र कोणी बसत नाही. खोगीर आहे, झूल आहे, लगाम आहे, पण स्वार नाही. तो माउलींचा घोडा. त्याच्यावर ज्ञानोबाराय बसलेले आहेत, अशी आपली सर्वांची निष्ठा आहे.

हा सोहळा आज ज्या रूपात दिसतो ते रूप ज्यांनी त्याला दिले, ते श्रीगुरु हैबतबाबा आरफळकर स्वतः एके काळचे नामांकित घोडेस्वार होते. उभी जवानी ज्यांनी खोगिरावर घालवली, त्यांनी पुढे पायी चालणे पत्करले आणि घोड्याची पाठ माउलींसाठी मोकळी ठेवली. हे कसे घडले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

सातारा शहराजवळ आरफळ नावाचे गाव आहे. सांगलीकडच्या तासगाव-पलूस भागातल्या शेतकऱ्याला हे नाव आरफळ कालव्यामुळे माहीत असते. वारकऱ्याला ते हैबतबाबांमुळे माहीत असते. या गावच्या पवार घराण्यात हैबतरावांचा जन्म झाला. घराणे देशमुखीचे, मराठमोळे, तलवारबहाद्दर. त्या काळी असल्या घरातल्या कर्त्या मुलाने काय करावे? घोडा घ्यावा, भाला घ्यावा आणि नशीब काढायला उत्तरेकडे जावे. हैबतरावही ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या चाकरीत गेले. शिंद्यांचा दरारा तेव्हा दिल्लीपर्यंत होता. हैबतरावांनी तिथे नाव कमावले, सरदारकी मिळवली, पैसाअडका आणि जडजवाहीरही गाठीला बांधले.

घरची विठ्ठलभक्ती रक्तातच होती. हरिपाठ तोंडपाठ होता. पण खरे सांगायचे तर आपल्यातल्या पुष्कळांचे असते तसेच ते असावे. तोंडाने हरिपाठ चाले आणि मन पागेत, पगारात, मानपानात हिंडत असे. नाम होते, पण त्याची गरज पडली नव्हती.

ती गरज सातपुड्यात पडली. चाकरीतून रजा घेऊन हैबतराव मिळवलेली सारी संपत्ती बरोबर बांधून गावाकडे निघाले होते. तो काळ कसा, हे ध्यानात घ्या. मराठेशाहीची घडी विस्कटली होती. 1818 साली पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या, माणसे बेकार झाली आणि खानदेश-सातपुड्याच्या वाटा धड राहिल्या नाहीत. परंपरा असे सांगते, की डोंगरातल्या एका टोळीने त्यांना गाठले. धन लुटले, हत्यारे काढून घेतली आणि त्यांना बरोबरच्या माणसांसह एका गुहेत कोंडून तोंडावर मोठी शिळा लोटून दिली.

आता त्या गुहेत घटकाभर बसून पाहू या. काल ज्याच्या एका इशाऱ्यावर शे-दोनशे घोडे वळत होते, त्याला आज अंधारात स्वतःचा हात दिसत नाही. सरदारकी बाहेर राहिली, द्रव्य बाहेर राहिले, घोडाही बाहेर गेला. दिवस कुठला, रात्र कुठली, कळण्याला मार्ग नाही. अशा वेळी माणूस काय करतो? आधी तो शकुन आठवतो. निघताना मांजर आडवे गेले होते काय, पिंगळा कुठल्या अंगाला बोलला होता, मुहूर्त कुणी काढून दिला होता. हैबतरावांच्या मनातही असे काही येऊन गेले असेल, नसेलही. पण हे सारे बाहेरचे हिशेब. गुहेत बाहेर असे काही उरतच नाही. आत एकच वस्तू शिल्लक होती, लहानपणी पाठ केलेला हरिपाठ. त्यांनी तो धरला.

एकवीस दिवस ते नामात होते, असे सांगतात. पहिल्या दिवशी सुटकेसाठी नाम घेतले असेल. हळूहळू सुटकेची वासनाही गळाली असेल. पुढे पुढे कोण कोंडलेला आणि कोण गाणारा, हा भेदही राहिला नसेल. आपण कोण, हे कळायला माणसाला कधी कधी आपले सगळे काढून घेतले जावे लागते. सरदार गेला तेव्हा मागे वारकरी उरला.

एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्याला फार दिवस संतान नव्हते. आनंदाच्या भरात त्याला कोंडलेल्या माणसांची आठवण झाली आणि त्याने शिळा बाजूला करविली. आत पाहतो तो माणसे मेलेली नाहीत, नाम चालले आहे. त्याचे मन हलले. या सत्पुरुषाच्या पुण्याईनेच आपल्याला पुत्र झाला, असे त्याला वाटले. त्याने पाय धरले, लुटलेले धन परत दिले आणि सन्मानाने वाट मोकळी करून दिली.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. नायकाने मुलाचा जन्म हा शुभशकुन मानला. त्यात त्याचे भले झाले, बाबांचेही झाले. पण हैबतबाबांनी त्या घटनेचा अर्थ वेगळा लावला. हा माझा पुनर्जन्म आहे, आता उरलेले आयुष्य माझे नव्हे, ते माउलींचे, असे त्यांनी ठरवले. शकुन पाहणारा विचारतो, मला काय मिळणार? बाबांनी विचारले, मी काय देऊ?

धन परत मिळाले तरी त्यांची पावले आरफळला रमली नाहीत. ते आळंदीला आले आणि इंद्रायणीकाठीच राहिले. माउलींनी 1296 साली जिथे समाधी घेतली, त्या ठिकाणी शेजारतीनंतर उभे राहावे आणि काकड्यापर्यंत भजन करावे, असा त्यांचा नेम झाला. रात्रीच्या त्या सेवेत गर्दी नाही, वाहवा नाही. देव निजलेले, गाव निजलेले, आणि एक म्हातारा शिपाई वीणा घेऊन उभा! गुहेतला एकांतच त्यांनी समाधीपुढे आणून मांडला होता.

आता पालखीकडे येऊ. पायी वारी ज्ञानोबारायांच्याही आधीपासून चालत आली आहे. संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची रीत तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली घातली. ते देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला येत, आणि माउलींच्या पादुकाही त्याच पालखीतून पंढरीला जात. पुढे बऱ्याच वर्षांनी हा क्रम बदलला. 1832च्या सुमारास हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची तजवीज केली. वासकर, खंडोजीबाबा आदी मंडळी दिंड्या घेऊन पाठीशी उभी राहिली.

सोहळ्याची मांडणी पाहिली की बाबांची जुनी चाकरी वाया गेली नाही, हे ध्यानात येते. पुढे नगारा, मागे अश्व, मग क्रमाने दिंड्या, मग माउली, मग पुन्हा दिंड्या. कोणी कुठे चालायचे, कुठे विसावा, कुठे मुक्काम, तंबू कसा ठोकायचा, कर्णा केव्हा वाजवायचा, सारे फौजेसारखे नेमलेले. फरक एवढाच, की या फौजेत कुणाच्या हाती हत्यार नाही, टाळ आहेत. देवाने आपला मोडका संसारही टाकाऊ म्हणून फेकला नाही, त्यातूनच सेवा करून घेतली, असे बाबांच्या चरित्रावरून म्हणावेसे वाटते.

मुक्कामावरची समाजआरती ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझे म्हणणे पटेल. पालखी तळावर येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ चालू असतात. चोपदार दंड उंच करून आरोळी देतो आणि एका क्षणात सगळे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, हरवले-सापडले सांगितले जाते आणि मग आरती होते. एवढ्या अफाट समुदायात पडणारी ती शांतता अंगावर काटा आणते. गुहेतल्या अंधारात बाबांना जी शांतता सापडली, तिचाच हा घास आपल्या वाट्याला येतो, असे मला दर वर्षी वाटते.

आणि रिंगण! आपल्या सातारा जिल्ह्यात चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. पुढे सोलापूर जिल्ह्यात सदाशिवनगर, खुडूस या बाजूला गोल रिंगणे होतात. आधी पताकेचा घोडा धावतो, मागून माउलींचा घोडा सुटतो आणि वाऱ्यासारखा पुढच्याला गाठतो. मग टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसांची झुंबड उडते. त्यात वावगे काही नाही, मीही लावतो. पण कुणी कुणी ती माती पुडीत बांधून नेतात. खटला जिंकावा, पोराला नोकरी लागावी, धंद्यात बरकत यावी म्हणून. पंढरीच्या वाटेवरच पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढवून घेणारे वारकरी मी पाहिले आहेत. हल्ली शहरांत शिकलीसवरलेली माणसे टॅरो नावाचे चित्रांचे पत्ते मांडून आपले भविष्य आणि आपला स्वभाव शोधतात. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाले, आणि भविष्यासाठी त्यांचा वापर पुढे अठराव्या शतकात बोकाळला. पोपट काय आणि पत्ते काय, माणसाची तळमळ तीच. मी कोण, माझे काय होणार, हे कुणीतरी सांगावे. या तळमळीला हसू नये. पण तिचे उत्तर चिठ्ठीत नाही, एवढे हैबतबाबांकडून शिकावे.

आपल्या संतांच्या कथांत जनावरे काही थोडी नाहीत. पैठणचा रेडा आहे, चांगदेवांचा वाघ आहे, नामदेवरायांची भाकरी पळवणारा कुत्रा आहे, नाथांनी कावडीतले गंगाजल पाजलेले गाढव आहे. यातले एकही जनावर शकुन सांगायला आलेले नाही. प्रत्येक जण पाहणाऱ्याची परीक्षा घ्यायला आले. कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव असेल तरच त्यात विठ्ठल आहे, काठी घेऊन धावणाऱ्याला तो नुसता कुत्रा. माउलींचा घोडाही तसाच. उपनिषदाने इंद्रियांना घोड्यांची उपमा दिली. त्या घोड्यांवर आपण जन्मभर मीपणाला बसवून दौडत असतो. हा घोडा आपल्याला विचारतो, की बाबा रे, तुझ्या खोगिरावर कोण बसले आहे? ती जागा रिकामी कर, मग तिथे कोण येऊन बसते ते पाहा.

2020 साली महामारीमुळे पालखी पायी निघाली नाही. पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. त्या वर्षी रिंगण नव्हते, टापांची माती नव्हती. जो तो आपापल्या घरात कोंडलेला. आमच्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पण त्याच दिवसांत घरोघर संध्याकाळी हरिपाठ होऊ लागला, आणि हैबतबाबांच्या गुहेचा अर्थ पुष्कळांना तेव्हा प्रथम कळला.

हैबतबाबांनी आळंदीतच देह ठेवला. पंढरपुरात जशी नामदेवरायांची पायरी, तशी आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी यात्रेचा आरंभ कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीच्या पूजनाने होतो. आषाढीच्या सोहळ्यात आजही माउलींच्या पादुका हैबतबाबांच्या प्रतिनिधीच्या हाती दिल्यावाचून पालखी हलत नाही. मान केवढा मोठा, आणि जागा कुठे? तर भक्तांच्या पायांशी. घोड्यावरून उतरलेला सरदार शेवटी पायरी झाला.

यंदा आळंदीला जाल तेव्हा घाईने आत शिरू नका. त्या पायरीवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटा आणि गुहेतला तो अंधार आठवा. आपल्याकडून काय काय काढून घेतले तर काय उरेल, ते पाहा. जे उरेल तेच घेऊन पंढरीची वाट धरा.

रामकृष्णहरि!