विश्लेषण : एसक्यूएलचा पाया घालणारे कॉड एसक्यूएलवरच नाराज का होते?

कळमनुरीचा शेतकरी ‘महाभूलेख’वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडतो आणि सातबारा मोबाइलवर येतो. नोंद कुठे, कशी साठवली आहे हे त्याला सांगावे लागत नाही. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते संगणकाने ठरवावे, या विचाराला गणिताचा आधार दिला एडगर कॉड यांनी. मात्र त्याच विचारातून निघालेल्या एसक्यूएल या भाषेचे ते कठोर टीकाकारही होते.

कॉड कोण होते?

जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडमधील पोर्टलंडचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकलेले कॉड दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. युद्धानंतर ते अमेरिकेत आयबीएममध्ये दाखल झाले. मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला विटून १९५३ मध्ये ते कॅनडात गेले आणि काही वर्षांनी परतले. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली.

१९७० मध्ये काय बदलले?

तोवर माहितीपर्यंतची वाट प्रोग्राममध्येच लिहावी लागे. साठवणुकीची रचना बदलली की प्रोग्राम बंद पडत. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा, असे कॉड यांनी १९७० च्या निबंधात मांडले. आयबीएमचे जुने उत्पादन आयएमएस जोरात खपत होते, त्यामुळे कंपनीने घाई केली नाही. पुढे कॉड यांची ‘अल्फा’ भाषा बाजूला राहिली आणि चेंबरलिन व बॉईस यांनी १९७४ मध्ये मांडलेली भाषा एसक्यूएल म्हणून रुजली. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आक्षेप काय होते?

एसक्यूएलच्या तक्त्यात हुबेहूब सारख्या दोन ओळी चालतात. एकाच गटाची तीच नोंद दोनदा आली, तर एकूण क्षेत्र दुप्पट दिसेल. दुसरा प्रश्न रिकाम्या रकान्याचा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ कोरे असेल, तर बोजा नाही असे समजायचे, की नोंद राहिली असे? या दोन अर्थांना वेगळ्या खुणा हव्यात, असे कॉड म्हणत. १९८५ मध्ये त्यांनी ‘बारा नियम’ जाहीर केले. क्रमांक ० पासून असल्याने ते प्रत्यक्षात १३ होते.

मग दुरुस्ती का झाली नाही?

उशीर झाला होता. ओरॅकलचे एसक्यूएल १९७९ पासून, तर आयबीएमचे डीबी२ १९८३ पासून बाजारात होते. अमेरिकेत एसक्यूएलचे अधिकृत मानक आले १९८६ मध्ये. तोवर त्यावर कामाचे प्रोग्राम उभे राहिले होते, नियम कडक केले असते तर ते अडले असते. ओरॅकल आजही रिकामा मजकूर आणि ‘माहिती नाही’ यांत फरक करत नाही, मानक मात्र करते.

बदल शक्य असतो, पण तो सोपा नसतो. गावनिहाय क्षेत्राची बेरीज मागताना खातेदाराचे नावही मागितले, तर मायएसक्यूएल पूर्वी कुठलेही एक नाव देई. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून अशी क्वेरी आपोआप नाकारली जाऊ लागली. जुन्या क्वेरी अडल्या, म्हणून नियम बंद करण्याची सोयही ठेवली आहे.

आज काय उरले?

१८ एप्रिल २००३ रोजी कॉड यांचे फ्लोरिडात निधन झाले. भाषेने न पाळलेली शिस्त आता तक्ता बनवणाऱ्याला पाळावी लागते : प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख द्यायची आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ आधीच ठरवायचा. नोंदी भरण्याआधी हे काम स्वस्तात होते, लाखो नोंदी भरल्यावर तेच महागात पडते.