जोसेफ हेन्री : विजेच्या घंटेचे शोधक

विद्यार्थीमित्रहो, हल्ली पुष्कळ घरांतून व सराफी पेढ्यांतून चोरांचा सुगावा देणारी विजेची यंत्रे बसविलेली असतात. दार अगर खिडकी अवेळी उघडली की घरातला भोंगा कर्कशपणे ओरडू लागतो. कधी चोर नसतानाही तो मध्यरात्री ओरडतो, आणि मग झोपमोड झालेला घरधनी शिडीवर चढून त्याची तार तोडून टाकावयास निघतो. परंतु नवल असे की, चांगल्या बनावटीच्या यंत्राची तार तोडली असता भोंगा गप्प होण्याऐवजी अधिकच जोराने वाजतो! हे कसे घडते हे समजून घ्यावयाचे असेल, तर ज्या थोर पुरुषाच्या शोधांवर ही सारी करामत उभी आहे त्याच्या चरित्राकडे वळले पाहिजे. तो पुरुष म्हणजे अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री होय.

हेन्री यांचा जन्म न्यूयॉर्क संस्थानातील ऑल्बनी गावी १७ डिसेंबर १७९७ रोजी एका गरीब स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात झाला. वडील मोलमजुरी करीत. घरच्या ओढगस्तीमुळे जोसेफला लहानपणीच गॅलवे नावाच्या खेड्यात आजीकडे पाठविण्यात आले. तेथे त्याने एक ससा पाळला होता. एके दिवशी तो ससा निसटून गावच्या प्रार्थनामंदिराच्या पायातील भोकात शिरला. जोसेफही त्याच्यामागे सरपटत आत गेला, आणि फुटक्या फळीतून वर डोकावतो तो समोर पुस्तकांनी भरलेले कपाट! ससा राहिला बाजूला. मुलगा तेथेच एक कादंबरी उघडून बसला. त्यानंतर कित्येक दिवस तो त्याच चोरवाटेने आत जाऊन वाचीत असे. पुढे त्याला दारातून उजळ माथ्याने पुस्तके घेण्याची परवानगी मिळाली. ज्याच्या शोधांवर घराचे चोरांपासून रक्षण करणारी घंटा उभी राहिली, तो स्वतः लहानपणी असा मागल्या वाटेने शिरणारा होता, हे ऐकून कोणास हसू येणार नाही?

वडील वारल्यावर जोसेफ ऑल्बनीस परतला व एका घड्याळजीकडे उमेदवारी करू लागला. त्याचे मन मात्र नाटकांत रमे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आजारपणामुळे तो घरी पडून असता, आईकडे राहणाऱ्या एका बिऱ्हाडकरूचे सृष्टिज्ञानाचे पुस्तक त्याच्या हाती आले. वर फेकलेला दगड खाली का येतो, धूर वर का जातो, असे साधेच प्रश्न त्यात होते. त्या प्रश्नांनी त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. नाटकांचा नाद सोडून त्याने ऑल्बनी अकॅडमीत शिक्षण घेतले, शिकवण्या करून पोट भरले, आणि १८२६ साली त्याच विद्यालयात तो गणित व पदार्थविज्ञान यांचा अध्यापक झाला.

हेन्री यांना दिवसाचे बरेच तास वर्गात घालवावे लागत. प्रयोगांस सवड मिळे ती मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. लोखंडाच्या दांड्यावर रेशमाने मढविलेल्या तारेचे अनेक वेढे घेऊन त्यांनी विद्युच्चुंबकाची शक्ती कितीतरी पटींनी वाढविली. १८३१ साली त्यांनी येल येथील विद्यालयासाठी केलेल्या चुंबकाने २,००० रत्तलांहून अधिक भार उचलला. त्याच सुमारास त्यांनी अकॅडमीच्या एका खोलीत भिंतींभोवती मैलभराहून अधिक लांबीची तार फिरविली. तिच्या एका टोकास विद्युत्‌घट व दुसऱ्या टोकास विद्युच्चुंबक होता. प्रवाह सोडताच चुंबकाजवळची फिरती दांडी हलून घंटेवर आदळे आणि टण्‌ असा आवाज निघे. दूरवरून विजेच्या साहाय्याने संदेश ऐकू येण्याची ती नांदीच होती.

१८३२ साली ते प्रिन्स्टन येथे प्राध्यापक झाले. तेथे ते विद्यार्थ्यांना एक चमत्कार दाखवीत. प्रबळ चुंबकाला मोठा भार लटकलेला असे. दूरून एका लांब तारेतून अगदी मंद प्रवाह आला की त्याने एक लहानसा चुंबक जागा होई. तो मोठ्या मंडलाची तार पाऱ्याच्या वाटीतून उचली, आणि मंडल खंडित होताच तो भार धाडकन जमिनीवर कोसळे. एका मंडलातील लहानशा बदलाने दुसऱ्या मंडलात केवढे कार्य घडविता येते, हे तत्त्व त्यांनी असे सिद्ध केले. याच रीतीने दूरच्या देवळांच्या मोठमोठ्या घंटाही वाजविता येतील, असे ते सांगत.

विजेच्या घंटेचा उपयोग घराच्या रक्षणासाठी करून १८५३ साली ऑगस्टस रसेल पोप या धर्मोपदेशकाने चोरघंटेचे पेटंट मिळविले. पुढे एडविन होम्स यांनी ते हक्क विकत घेऊन तो धंदा वाढविला. साध्या चोरघंटेत दार उघडले असता मंडल पूर्ण होऊन घंटा वाजते. पण चोराने आधीच तार कापली तर ती मुकी होते. म्हणून नंतर उलट योजना निघाली. तीत प्रवाह अखंड वाहत राहून एक कांब चुंबकास चिकटवून धरतो. दार उघडो वा तार तुटो, प्रवाह थांबताच कांब सुटते व दुसरे मंडल जोडून घंटा वाजविते. हल्लीच्या अनेक भोंग्यांच्या पोटात स्वतंत्र बॅटरी असते, म्हणून तोडलेली तारच त्यांना ओरडावयास लावते. तो भोंगा काढावयाचा असेल तर क्रम पाळावा लागतो : प्रथम माहितगार मनुष्याने यंत्र दुरुस्तीच्या स्थितीत आणावे, मग घरची वीज व बॅटरी बंद करावी, आणि शेवटी तारेला हात लावावा. या सर्वांच्याही आधी भोंगा का वाजतो हे पाहावे. बहुधा दोष भोंग्याचा नसून सैल झालेल्या खिडकीचा किंवा उतरलेल्या बॅटरीचा असतो.

हेन्री यांनी आपल्या या शोधांचे पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांचे आहे, अशी त्यांची भावना होती. तारायंत्राच्या कामी त्यांनी मॉर्स यांना मोकळेपणाने सल्ला दिला. पुढे त्याच मॉर्स यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. हेन्री यांनी आपली हकीकत स्मिथसोनियन संस्थेच्या नियामक मंडळापुढे ठेविली, आणि मंडळाने ती निर्दोष ठरविली.

१८४६ पासून मृत्यूपर्यंत ते वॉशिंग्टन येथील त्या संस्थेचे चिटणीस होते. तारायंत्राने ठिकठिकाणचे हवामान गोळा करून वादळाची चाहूल घेण्याचा उपक्रम त्यांनी तेथे सुरू केला. परंतु २४ जानेवारी १८६५ रोजी त्याच इमारतीला आग लागली. चित्रदालन उबदार करण्यासाठी बसविलेल्या शेगडीचे नळकांडे धुराड्यात न जाता भिंतीतील पोकळीत गेले होते. आत उष्णता साठत होती आणि सूचना देणारे काहीच नव्हते. हेन्री यांची कित्येक वर्षांची पत्रे व टिपणे जळून गेली. इशारा न मिळाल्याची किंमत त्यांनी स्वतः भोगली. तरी खचून न जाता ते पुन्हा कामास लागले.

दीपगृह मंडळाचे काम ते १८५२ पासून पाहत होते. धुक्यात जहाजांना सावध करण्यासाठी घंटा, शिट्ट्या, कर्णे व वाफेचे भोंगे यांची त्यांनी समुद्रावर जाऊन परीक्षा केली. कधी कधी भोंगा जोराने वाजत असूनही जवळच्या जहाजास तो ऐकू येत नसे. तेव्हा हेन्री यांनी कारण शोधले. वाऱ्याचा वेग वर जास्त व खाली कमी असल्याने, वाऱ्याविरुद्ध जाणारा ध्वनी वर वळून डोक्यावरून निघून जातो, हे त्यांनी अनेक निरीक्षणांनी दाखविले. याच कामात असता १८७७ च्या डिसेंबरात त्यांच्या प्रकृतीने प्रथम दगा दिला. १३ मे १८७८ रोजी त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या क्षणीही त्यांनी वारा कोणत्या दिशेने वाहतो हे विचारले, असे सांगतात. राष्ट्राध्यक्ष हेज स्वतः त्यांच्या अंत्ययात्रेस उपस्थित होते. १८९३ साली विद्युत्शास्त्रातील एका परिमाणास हेन्री हे नाव देण्यात आले.

बालकांनो, परमेश्वराने प्रत्येकाच्या अंतःकरणातही एक घंटा बसविली आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीकडे दृष्टी वळली की ती वाजते. आईबापांशी खोटे बोलताना वाजते. तिचा आवाज अप्रिय लागतो, म्हणून आपण तिची तार तोडू पाहतो. पण हेन्री यांची रीत निराळी होती : घंटा वाजली तर का वाजली हे शोधावे, आणि ऐकू आली नाही तर का आली नाही हेही शोधावे. सदोष खिडकी दुरुस्त केली की भोंगा आपोआप शांत होतो. तद्वतच चूक कबूल करून ती सुधारली की अंतःकरणाला शांती मिळते. ही शांती तार तोडणाऱ्यास कधीही लाभत नाही.