शाईची लढाई

एखाद्या माणसाविषयी, एखाद्या समाजाविषयी लोकांनी काय मत करून घ्यावे, हे कोण ठरवतो? ज्याच्या हाती छापखाना असतो, तो ठरवतो. ही गोष्ट आजची नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून ती कागदावर छापत आणि बाजारात विकत. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही चित्र कळत होते. १६७२ साली तिथे योहान द विट या राज्यकर्त्याविरुद्ध पत्रकांचा अक्षरशः पाऊस पडला आणि २० ऑगस्टला हेग शहरात जमावाने त्याला व त्याच्या भावाला ठार केले. रोमेन द होघे नावाच्या चित्रकाराने त्या हत्येचेही चित्र छापले. पुढे हाच चित्रकार तिथल्या नव्या सत्ताधीशाचा प्रचारक म्हणून गाजला. शाईत केवढी ताकद असते आणि ती कुणाच्या दावणीला बांधली जाते, हे यावरून कळावे.

ही ताकद आपल्याकडे ज्यांनी अचूक ओळखली, ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब म्हटले की आपल्याला महाडचे तळे आठवते, संविधान आठवते, दीक्षाभूमी आठवते. पण त्यांच्या आयुष्याचा एक धागा छापखान्यातूनही जातो. त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला रामजी सुभेदारांचा हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकून आला आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला. नोकरी होती, मान होता. पण आपल्या माणसांचे दुःख छापायला एकही वर्तमानपत्र जागा देत नाही, हे त्यांना दिसत होते. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. बाबासाहेब सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. 'केसरी'ने मात्र पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. ज्यांना देशाच्या स्वातंत्र्याचा गजर करायचा होता, त्यांना अस्पृश्याच्या पत्राची चार ओळींची जाहिरातही सोसवली नाही! त्याच वर्षी बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले. सवर्णांच्या पत्रांनी अस्पृश्यांनाच दोषी ठरवायला सुरुवात केली. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' काढून. हाताखाली पगारी लेखक नव्हते. अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. वकिली, सभा, सत्याग्रह हे सारे सांभाळून! पण शत्रूला शिव्या देऊन पान भरण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. विरोधकाचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग पुराव्यानिशी ते खोडून काढायचे, ही त्यांची रीत होती. मी वकील आहे. उलटतपासणी कशी असावी हे शिकायचे असेल तर 'बहिष्कृत भारत'चे अग्रलेख वाचावेत, असे मी नव्या वकील मित्रांना नेहमी सांगतो.

आपल्या वऱ्हाडाचाही या काळाशी संबंध आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच ज्येष्ठ बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. दुःख गिळून त्यांनी परिषदेचे काम पुरे केले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. अशा धावपळीतही 'बहिष्कृत भारत' निघत राहिले. पण वर्गणीदार थोडे आणि थकबाकीदार फार. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले.

बाबासाहेब मात्र थांबले नाहीत. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले. समाजाने पै पै गोळा करून उभ्या केलेल्या भारतभूषण छापखान्याने चळवळीला स्वतःचे खिळे आणि स्वतःचे यंत्र दिले. १९४६ साली मुंबईच्या दंग्यात हा छापखाना जाळण्यात आला. छापखाना जाळणाऱ्याला ठाऊक असते की आपण नेमके काय जाळत आहोत! तरीही छापखाना पुन्हा उभा राहिला. धम्मदीक्षेच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा समाजाजवळ धम्म होता, संविधान होते आणि स्वतःचे पत्रही होते.

या सर्व काळात प्रस्थापितांच्या पत्रांतून बाबासाहेबांची व्यंगचित्रे निघत होती. उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील अशी शंभरावर चित्रे जमवून २०१९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती पाहिली की आपली मान शरमेने नव्हे, संतापाने ताठ होते. देशाच्या कायदेमंत्र्याला कुठे बुटका दाखवले आहे, तर कुठे बाईच्या वेशात. १९४९ सालचे शंकर यांचे असेच एक चित्र शालेय पाठ्यपुस्तकात छापले गेले आणि २०१२ साली संसदेत गदारोळ होऊन ते पुस्तकातून काढावे लागले. चित्र साठ वर्षांनीही बोलते, ते असे!

यातून आपण काय शिकलो? जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडण्यात आला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले. तो संताप योग्यच होता. पण डिसेंबर २०२१ मध्ये बाबासाहेबांच्या ग्रंथखंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्या ग्रंथांची मागणी केली होती?

अकोला-अमरावतीच्या प्रत्येक बौद्ध घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. ती असलीच पाहिजे. परंतु तसबिरीखाली 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चा खंड आहे काय? महाराष्ट्र शासनाने तो १९९० सालीच छापला आहे. गावातल्या विहारात चळवळीच्या जुन्या अंकांना वाळवी तर लागत नाही ना? आपल्या पत्राची वर्गणी आपण वेळेवर भरतो काय? बाबासाहेबांची पत्रे शत्रूने बंद पाडली नाहीत, थकलेल्या वर्गणीने बंद पाडली. हा आरोप आपल्यावर आहे आणि त्याचा जबाबही आपल्यालाच द्यायचा आहे.

जयभीम!