खून, बलिदान आणि जोतीराव

मेलेल्या माणसाला बलिदानी ठरवण्याचा अधिकार कोणाचा? चळवळीत काम करताना आणि कोर्टात उभे राहताना हा प्रश्न आम्हाला सारखा पडतो. गटारात गुदमरून सफाई कामगार मरतो, तेव्हा त्याच्या सेवेचे गुणगान होते आणि ठेकेदार मोकळा फिरतो. वास्तविक सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, आदिवासींची भातखाचरे बुडाली. भाषणांत त्याला त्याग म्हटले गेले. ज्याचा बळी घेतला त्याच्या गळ्यात बलिदानाचा हार घालायचा आणि बळी घेणाऱ्याला सोडून द्यायचे, ही या व्यवस्थेची जुनी युक्ती आहे. आधुनिक महाराष्ट्रात ती उघडी पाडली राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी.

शाळा, हौद, सत्यशोधक समाज या क्रमाने जोतीरावांचे चरित्र आपल्याला पाठ असते. आज आम्ही ते दुसऱ्या अंगाने सांगणार आहोत. मारणे केव्हा पाप, मरणे केव्हा पुण्य, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी ख्रिस्ताचेही चरित्र तपासले, पण स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत.

दांडपट्टा सोडून पाटी

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. तरुणपणी ते लहुजी साळवे यांच्या तालमीत गेले, दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. हे सारे कशासाठी, तर इंग्रज सरकार उलथून टाकण्यासाठी. ही गोष्ट त्यांनी स्वतःच गुलामगिरीत लिहून ठेवली आहे. म्हणजे जोतीरावांचा प्रवास सुरू झाला तो शस्त्रापासून. जन्मतःच कोणी अहिंसेचा अवतार नसतो, हे आपल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

१८४१ ते १८४७ या काळात ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथे बायबल शिकवले जाई, त्यामुळे ख्रिस्ताची गोष्ट कानावर आली. पुढे टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तकही हाती आले. १८४८ मध्ये ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. तालमीत तयार झालेल्या, एकवीस वर्षांच्या तरुणाने अशा वेळी काय केले असते याचा विचार करा. जोतीरावांनी त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. शत्रू गोऱ्या सोजिराच्या अंगात नाही, अज्ञान टिकवून ठेवणाऱ्या पोथीत आहे, हे त्यांना कळले होते. पोथीला गोळी लागत नाही. तिथे पाटी-पेन्सिलच लागते.

मारेकरी आले ते शिष्य झाले

शाळा निघाल्या, अस्पृश्यांची मुले-मुली शिकू लागली आणि पुण्यातील कर्मठांचे पित्त खवळले. चरित्रकार सांगतात की १८५६ मध्ये जोतीरावांना ठार मारण्यासाठी दोघांना पाठवण्यात आले. एक रोडे, जातीने रामोशी. दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. दोघेही आपलेच, बहुजन, पोटासाठी सुपारी घेतलेले. मध्यरात्री घरात शिरलेल्या या दोघांची जोतीरावांनी शांतपणे विचारपूस केली. आपल्या मरणाने या गरिबांच्या पोराबाळांचे भले होणार असेल तर आपली तयारी आहे, अशा अर्थाचे ते बोलले आणि दोघांच्या हातातली हत्यारे गळून पडली. रोडे पुढे जोतीरावांचा अंगरक्षक झाला. धोंडीराम शिकला, पंडित झाला, सत्यशोधक समाजाचा खंदा कार्यकर्ता झाला.

या प्रसंगावर ख्रिस्ती संस्काराची छाया आहे असे अनेकांना वाटते. गेथशेमनेच्या बागेत ख्रिस्ताला पकडायला लोक आले तेव्हा शिष्याने तलवार उपसली आणि गुरूने ती म्यान करायला लावली, ही कथा शुभवर्तमानात आहे. आमच्या पिढीला मात्र आधी आठवतो तो अंगुलीमाल. माणसे मारणाऱ्याच्या समोर तथागत निःशस्त्र उभे राहिले आणि त्याचा भिक्खू झाला. जोतीरावांना कोणती कथा आठवली असेल ते असो. त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. मारायला आलेला हात गरिबाचा आहे, पैसा दुसऱ्याचा आहे. आजही दंगलीत दगड कोणाच्या हातात असतो आणि डोके कोणाचे असते, हे आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात रोज पाहतो. आरोपींच्या यादीत आमची पोरे, सूत्रधार घरी.

ख्रिस्ती धर्माचे दोन चेहरे

मारण्या-मरण्याबद्दल ख्रिस्ती धर्म काय म्हणतो, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण तो एकाच सुरात बोलत नाही. दहा आज्ञांत मनुष्यहत्येला बंदी आहे. ख्रिस्ताने शत्रूवरही प्रेम करायला शिकवले. पहिल्या तीन शतकांत अनेक ख्रिस्ती आचार्य अनुयायांनी सैनिक होऊन रक्त सांडण्याच्या विरोधात होते. चौथ्या शतकात रोमचा सम्राटच ख्रिस्ताचा झाला आणि सूर बदलला. ऑगस्टीनने न्याय्य युद्धाचा विचार मांडला, तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने त्याच्या अटी बांधल्या. आत्महत्येला मात्र ऑगस्टीनने पाप ठरवले. म्हणजे स्वतःचा जीव घेणे पाप, पण श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या हातून मरण पत्करणे हौतात्म्य. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोचले, ते याच विचाराने. त्यांनी कोणाला मारले नव्हते.

पण त्याच धर्माच्या नावाने १०९५ पासून धर्मयुद्धे झाली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनने माणसे जाळली आणि बायबल वाचणाऱ्या इंग्रजांनी १८५७ नंतर बंडखोरांना तोफेच्या तोंडी दिले. याउलट सतराव्या शतकातील क्वेकरांनी कोणत्याही युद्धात हत्यार उचलायचे नाही असे ठरवले. धर्म एकच, पण राजसत्तेच्या मांडीवर बसला की तो मारायला परवानगी देतो आणि पीडितांच्या बाजूला बसला की मारणाऱ्याचा हात धरतो.

जोतीरावांनी यातला नेमका धागा उचलला. १८७३ च्या गुलामगिरीत त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीला बसवले. बळी हा दानशूर, वामनाला तीन पावले जमीन देऊन स्वखुशीने पाताळात गेला, ही पुराणकथा. जोतीरावांनी ती उलटी करून दाखवली. ते दान नव्हते, ती स्वारी होती. बळी लढता लढता मारला गेला आणि खुनाला दानाचे नाव मिळाले. ख्रिस्तही तसाच दीनांचा कैवारी, त्यालाही दुष्टांनी मिळून क्रूसावर चढवले. मिशनरी ख्रिस्ताच्या रक्ताने पाप धुतले जाते असे सांगत होते. जोतीराव त्या रक्तामागचा खटला चालवत होते. मारेकरी कोण, मारले का, फायदा कोणाचा? आमच्या वकिली पेशात यालाच तपास म्हणतात.

काशीबाईचा खटला

१८६३ मध्ये पुण्यात एक खटला गाजला. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले, दिवस गेले, औषधांनी गर्भ पडला नाही. मूल जन्मले आणि अब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. मॅकॉलेची दंड संहिता १८६२ च्या पहिल्या तारखेपासून लागू झाली होती. काशीबाईला जन्मठेप, काळे पाणी, अंदमान.

कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ होता. मूल मारले गेले होते आणि मारणारी समोर उभी होती. धर्माच्या दृष्टीनेही, बायबलच्या असो की मनूच्या, ती पापीणच. पण जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी पुढचा प्रश्न विचारला. पुनर्विवाह बंद, केशवपन सक्तीचे, पुरुषाला सगळे माफ, अशा वेळी त्या बाळाचा पहिला मारेकरी कोण? रूढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे कलम त्या संहितेत नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही नाही. मग या दाम्पत्याने आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी पत्रके ब्राह्मणवस्तीत लावली. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे आल्या. ज्यांनी शेण मारले त्यांच्याच लेकीबाळी! अशाच एका विधवेच्या मुलाला फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. तोच डॉक्टर यशवंत.

हत्या वाईट आहे असे प्रवचन सगळेच धर्म देतात. हत्या करण्याची वेळ येऊ नये म्हणून घराचे दार उघडणारे थोडे. आमच्या मते जोतीरावांचे खरे नीतिशास्त्र इथे आहे.

जुन्नरची निःशस्त्र लढाई

आता आमच्या जुन्नर-आंबेगावकडे वळू. १८७० च्या दशकात या भागातला शेतकरी आणि महादेव कोळी सावकारी पाशात गळ्यापर्यंत अडकला होता. जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी १८७३ पासून बंडाचा झेंडा उभारला. सावकारांची नाके कापली गेली. १८७६ मध्ये होन्या पकडले गेले. १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. तिथे लोकांनी मुख्यतः खतेपत्रे जाळली. या लोकांना सरकारने दरोडेखोर आणि दंगेखोर ठरवले. आम्ही त्यांना तसे म्हणणार नाही. ज्याला दाद मागायला जागाच ठेवली नाही, त्याच्या हातात कोयता आला तर आधी जागा बुजवणाऱ्याचा हिशेब झाला पाहिजे.

पण जोतीरावांच्या अनुयायांनी याच मुलखात तिसरी वाट काढली. १८८४ मध्ये ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीशिवाय लग्ने लावली. जोशी वतनदार दक्षिणेच्या हक्कासाठी जुन्नरच्या कोर्टात गेले आणि हे भांडण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचले. ज्याला बोलावलेच नाही त्याला दक्षिणा द्यायची का, एवढाच प्रश्न. पण त्याने हजारो वर्षांची मक्तेदारी हादरली. ओतूरचेच भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारख्या सत्यशोधकांनी सावकारांच्या जमिनी न कसण्याचा संप उभा केला. कोणाचे नाक कापले नाही, कोणाचे घर जाळले नाही. नुसता हात आखडता घेतला आणि सावकाराची शेते पडीक राहिली.

याच जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींनी दाने दिली. दान म्हणजे कोणाचा जीव घेणे नव्हे, तहानलेल्याला पाणी देणे, ही या मातीची मूळ शिकवण. १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव त्याच परंपरेत बसतात.

एकच प्लेग, दोन आठवणी

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यांचा शेवटचा ग्रंथ सार्वजनिक सत्यधर्म १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा आणि कोणी कोणाचा द्वेष करू नये, असे कुटुंब त्यांनी त्यात कल्पिले. मिशनऱ्यांचे उपकार मानूनही ते ख्रिस्ती का झाले नाहीत, याचे उत्तर त्यातच आहे. माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये त्यांना कोणताच दलाल नको होता.

मग १८९७ चा प्लेग आला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला त्याच रोगाने गेले. पुण्यात सावित्रीमाईंनी यशवंतला बोलावून घेऊन हडपसरजवळ दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निर्वाण झाले. ख्रिस्ती धर्मात मित्रासाठी प्राण देणे हे सर्वांत मोठे प्रेम मानले जाते. सावित्रीमाईंनी तर अनोळखी पोरासाठी प्राण दिला, आणि त्याच्या मोबदल्यात स्वर्ग मागितला नाही.

तीन महिन्यांनी, २२ जूनच्या रात्री, त्याच पुण्यात त्याच प्लेगच्या निमित्ताने रँडवर गोळी झाडली गेली. रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून जुलूम केला हे खरे आहे. तो आम्ही झाकत नाही. पण रँडबरोबर आयर्स्टही मारला गेला आणि मारणारे चापेकर बंधू पाठ्यपुस्तकांत हुतात्मे झाले. रोग्याला पाठीवर घेऊन मेलेल्या माउलीचे नाव त्याच पाठ्यपुस्तकांत यायला कित्येक दशके लागली. मारणाऱ्याचे मरण मोठे आणि वाचवणाऱ्याचे मरण लहान, हे माप कोणाचे? वामनाला देव करणाऱ्यांचेच!

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले ते उगीच नव्हे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत तथागतांनी केलेला भेद बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिला. अहिंसा म्हणजे मुकाट मार खाणे नव्हे आणि शौर्य म्हणजे दुसऱ्याचा गळा कापणे नव्हे.

तेव्हा बांधवांनो, यापुढे कोणी आपल्या पोराला धर्मासाठी मारायला किंवा मरायला बोलावील, तेव्हा बोलावणाऱ्याचे पोर कुठे आहे ते आधी विचारा. गटारात, धरणात, दंगलीत मेलेल्याला कोणी बलिदानी म्हणेल, तेव्हा हार बाजूला ठेवा आणि पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागा. बळीच्या खुनाला कोणी दान म्हणू लागले तर तिथल्या तिथे हरकत नोंदवणे, हे जोतीरावांनी आपल्यावर सोपवलेले काम आहे. जयभीम!