हिवतापाचा माग काढणारा रोनाल्ड रॉस

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्रातल्या माणसाचे चरित्र लिहायला मी का बसले, असे पुष्कळांना वाटेल. त्याचे कारण आमच्या घरात आहे. माझे धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामावर गडचिरोलीकडे गेले होते. परत आले ते अंगात हुडहुडी घेऊनच. एका दवाखान्यात विषमज्वर समजून औषध चालले. आठवडा असाच गेला. शेवटी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतले तेव्हा हिवताप निघाला. तात्या वाचले, पण त्यांच्या मनात एक नवल राहून गेले. त्यांच्याबरोबरच्या तिथल्याच काही गड्यांच्या रक्तातही तोच जंतू सापडला होता आणि ती माणसे मात्र खडी फोडत होती. रोग एकच, मग आम्हीच का आडवे पडलो, हा तात्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधता शोधता मी ग्रंथालयात रॉसपाशी येऊन पोचले.

रोनाल्ड रॉसचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. मेरठला उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील लष्करात अधिकारी, पुढे जनरल झाले. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी विलायतेला धाडले. त्याला वेड कवितेचे, चित्रांचे आणि संगीताचे. वडिलांचा हट्ट वैद्यकीचा. १८७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याचे नाव घातले गेले, पण मन काही रमले नाही. एका परीक्षेत तर तो पहिल्या खेपेला नापास झाला. (आमच्या वर्गातील काही जणांनी हे वाक्य जपून ठेवायला हरकत नाही.) १८८१ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणी नोकरी करीत राहिला. या काळात त्याने कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या, गणिताची पुस्तके चाळली. पस्तिशी येईपर्यंत हा माणूस काही मोठे करील असे कोणाला वाटले नसते.

हिवतापाचा जंतू तोवर सापडलेला होता. अल्जीरियात लॅव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तो १८८० साली रुग्णाच्या रक्तात पाहिला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडेच होते. दलदलीची दूषित हवा रोग आणते अशी समजूत फार जुनी. १८९४ साली रॉस रजेवर लंडनला गेला असता पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने त्याला सूक्ष्मदर्शकातून तो जंतू दाखविला आणि यात डासाचा हात असावा ही आपली शंकाही सांगितली. रॉसच्या डोक्यात ती शंका जी शिरली ती पुन्हा निघाली नाही.

१८९५ साली त्याची नेमणूक सिकंदराबादच्या छावणीत झाली. येथे आपला संबंध येतो. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातली ही इंग्रजांची छावणी. बेगमपेठेच्या एका लहानशा खोलीत रॉस डास चिरीत बसे. उकाडा असह्य, पण पंखा ओढता येत नसे, कारण वाऱ्याने डास उडून जात. कपाळावरून टपकणाऱ्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. दोन वर्षे तो भलत्याच जातीचे डास तपासत होता आणि हाती काहीच लागत नव्हते.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याला पंखांवर ठिपके असलेले निराळे डास मिळाले. रुग्णालयात हुसेन खान नावाचा एक रुग्ण होता. त्याच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू होते. रॉसने त्याला त्या डासांकडून चावून घ्यायला लावले आणि एका डासामागे एक आणा दिला. २० ऑगस्टला दुपारी त्यांतल्या एका डासाचे पोट उघडले, तेव्हा जठराच्या भिंतीवर काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हेच काळे कण हिवतापाच्या जंतूत असतात. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला, तर त्यातल्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासात वाढत होता!

त्या पेशी काय होत्या याचा उलगडा पुढे झाला. हुसेन खानच्या रक्तातल्या चंद्रकोरींत काही नर होत्या, काही मादी. डासाच्या पोटात त्यांचे मीलन होते आणि त्यातून भिंतीवरच्या त्या गाठी तयार होतात. माणसाच्या रक्तात जंतू नुसता आपल्याच प्रती काढीत असतो. दोन निराळ्या वाणांचे बी एकमेकांत मिसळते ते फक्त डासाच्या पोटात. आणि तेही केव्हा, तर चावलेल्या माणसाच्या अंगात एकाहून अधिक वाण असतील तेव्हा. रॉस त्या दुपारी नेमक्या त्या जागी डोकावत होता, आणि त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हते.

एवढा शोध लागला आणि महिनाभरात त्याची बदली झाली ती राजपुतान्यातल्या खेरवाड्याला. तिथे हिवतापाचे रुग्णच जवळजवळ नव्हते! सरकारी बदल्यांचा अनुभव आपल्याकडच्या मास्तरांना आहेच. पाचएक महिने तो तिथे कुढत राहिला. मॅन्सनने खटपट केल्यावर १८९८ च्या प्रारंभी त्याला कलकत्त्याला आणले. प्लेगच्या लसीच्या धास्तीने तिथले लोक सुई टोचून घेईनात, म्हणून त्याने पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. जुलैमध्ये डासाच्या लाळग्रंथीत जंतू सापडले आणि डासाने दंश केलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. कोडे सुटले. माणसाच्या बाबतीत हीच साखळी त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. मग श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी वर्षानुवर्षे भांडले. १९०२ साली नोबेल पारितोषिक एकट्या रॉसला मिळाले, तरी त्याचा राग काही शमला नाही. मला वाटते, हा त्याच्या स्वभावातला मोठा उणेपणा.

मला नोबेलपेक्षाही त्याचे पुढचे काम मोठे वाटते. १९०७-०८ मध्ये मॉरिशसला जाऊन आल्यावर त्याने हिवतापाचे गणित मांडले. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही; डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो, असे त्याने समीकरणांनी दाखविले. बेगमपेठ आणि खेरवाडा यांतला फरक ज्याने अंगावर काढला, त्यालाच हे सुचले असावे.

या गणिताला आज जंतूच्या जनुकांची जोड मिळाली आहे. जिथे रोगाचा फैलाव जोरात असतो तिथे एकाच माणसाच्या रक्तात दोन-तीन किंवा अधिक वाण एकदम सापडतात, डासाच्या पोटात त्यांची सरमिसळ होते आणि नवनवे वाण निपजतात. जिथे फैलाव थोडा, तिथे एका रुग्णात बहुधा एकच वाण असतो. नर आणि मादी दोन्ही त्याचेच, त्यामुळे बी तेच ते राहते. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळे सांगायला नको. शेजारी दुसऱ्या वाणाची ज्वारीच नसेल तर कणसात भेसळ कुठून येणार?

तात्यांचे उत्तरही यातच होते. राज्यात हिवतापासाठी गडचिरोलीचे नाव नेहमी पुढे असते. तिथल्या जंगलातला माणूस लहानपणापासून कितीतरी वाणांशी झुंजलेला असतो. शरीर त्यांना थोडेफार ओळखू लागते. जंतू रक्तात असूनही माणूस चालता-बोलता राहतो. आमच्या कोरड्या गावात वाढलेल्या तात्यांच्या शरीराने त्यांतला एकही वाण पाहिला नव्हता.

रॉस १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनला वारला. त्याच्या नावाची संस्था त्याच्या हयातीतच, १९२६ साली, तिथे उभी राहिली होती. बेगमपेठेची इमारतही त्याच्या नावाने राखली आहे.

हे सगळे मी दिवाळीच्या सुट्टीत तात्यांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नोबेलचे त्यांना फारसे काही वाटले नाही. हुसेन खानला पैसे खरेच मिळाले का, एवढेच त्यांनी विचारले. आठ डासांचे आठ आणे मिळाले, असे मी सांगितले. तो मग बरा झाला का, असे त्यांनी विचारले, आणि मी पुस्तकाची पाने उलटत राहिले.