माधवराव शिंदे : दोन अपघात आणि एक धडा

राजगुरुनगरच्या उत्तरेस जुन्नरचे डोंगर आहेत. १९६२ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री मुंबईकडे उतरणारे एक इटालियन प्रवासी विमान तेथे आदळले व ९४ जणांचा अंत झाला. अंधार आणि ढग एकत्र आले की जवळचा डोंगरही दिसत नाही. क्षितिज नाहीसे झाले की वैमानिकाचा तोलाचा अंदाज चुकतो. त्यास केवळ उपकरणांवर विसंबावे लागते. लहान विमानांना तर उंच मेघांच्या वरून जाणे सहसा जमत नाही. हा विचार करताना आम्हांस माधवराव शिंदे यांचे स्मरण होते.

ग्वाल्हेरचे शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. पुण्याच्या वानवडीत महादजी शिंदे यांची छत्री आहे. याच घराण्यात १० मार्च १९४५ रोजी मुंबई येथे माधवरावांचा जन्म झाला. ग्वाल्हेर व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन १९७१ साली ते लोकसभेत निवडून गेले. १९८४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी यांचा पराभव केला. ते रेल्वे खात्याचे मंत्री असताना, १९८८ मध्ये, शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली. १९९१ साली त्यांच्याकडे नागरी विमान वाहतूक खाते आले.

९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या दाट धुक्यात इंडियन एअरलाइन्सने भाड्याने घेतलेले एक विमान उतरताना उलटले. सुदैवाने सर्व १६५ जण बचावले. तरीही माधवरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एकही बळी गेला नसताना पद सोडणारे मंत्री विरळाच.

पुढे ३० सप्टेंबर २००१ रोजी ते कानपूरच्या सभेस एका लहान खासगी विमानाने निघाले. खराब हवामानात ते विमान उत्तर प्रदेशातील मैनपुरीजवळ कोसळले. त्यांच्यासह आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत चार पत्रकार व दोन वैमानिक होते. नेत्याचे नाव सर्वांच्या स्मरणात राहिले. उरलेल्या सात घरांतही त्या दिवशी तितकाच अंधार पडला, हे आपण विसरू नये.

सभा उद्या घेता येते, गेलेला जीव परत येत नाही. नेता असो वा चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून भर पावसात घरी निघालेला कामगार असो, थोडे थांबण्याची मोकळीक त्यास आपणच द्यावयास हवी. वाट पाहणाऱ्यांनी उशीर झाल्याबद्दल बोल लावू नये. माधवरावांच्या स्मृतीस आमचे अभिवादन. त्यांच्या सात सहप्रवाशांच्या स्मृतीसही.