कालगणनेचे साधक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

ज्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, परंतु ज्यांच्या गणिताशिवाय पदवीधरांचे पान हलत नव्हते, असे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

त्यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड या खेड्यात झाला. मॅट्रिक व पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज एवढेच त्यांचे शिक्षण. पुढे ठाणे, धुळे, पुणे अशा गावी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. दिवस शाळेचा, म्हणून ज्योतिषाला मिळे तो उरलेला वेळ.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा. काळ एकच, पण तो मोजण्याची मापे अनेक. आपण पोळा श्रावण अमावास्येला करतो. उत्तर हिंदुस्थानात त्याच दिवसाला भाद्रपद अमावास्या म्हणतात, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. कोठे शक, कोठे संवत. कोणी सरलेले वर्ष लिहितो, तर कोणी चालू वर्ष. शिवाय तिथी सूर्योदयावर ठरते, आणि आपल्या बाभुळगावी सूर्य मुंबईच्या आधी सुमारे २० मिनिटे उगवतो. तेव्हा नुसता आकडा वाचून दिवस कळत नाही. तो कोणत्या मापाचा हे आधी कळावे लागते.

गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षे होती, पण ती कधीपासून मोजायची यावर विद्वानांत वाद होता. कोणी इ. स. ७७, कोणी १६६, कोणी १९० च्या सुमारास आरंभ धरी. अल्बेरुनीच्या लिहिण्यावरून मात्र ३१९ निघे. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यासाठी दीक्षितांनी गणित मांडले. एरण येथील स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. १६५ मध्ये ३१९ मिळवले की ४८४ येतात. त्या वर्षी ही तिथी २१ जूनला, गुरुवारीच पडत होती. मागच्या-पुढच्या वर्षी वार जमत नव्हता. एका लेखावर न थांबता इतर लेखांच्या तिथीही पडताळल्या गेल्या. १८८८ साली फ्लीटचा ग्रंथ निघाला आणि गुप्तकाळाला भक्कम पाया मिळाला.

१८९६ साली सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ काढला. त्यातील कोष्टकांमुळे ज्योतिष न जाणणाऱ्यालाही हिंदू तिथीची इंग्रजी तारीख काढता येऊ लागली. त्याच वर्षी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगणारा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. पुढे भारत सरकारला त्याचे इंग्रजी भाषांतर करवून घ्यावे लागले, यातच त्याची थोरवी आली.

आज संगणकाच्या सी भाषेतही हाच पेच आहे. प्रोसेसरने एखाद्या कामाला किती वेळ दिला हे सांगणारे क्लॉक नावाचे फंक्शन सेकंद देत नाही, टिक देते. कोठे सेकंदाचे १,००० टिक, तर कोठे १०,००,०००. म्हणून १९८९ च्या प्रमाण सी भाषेत क्लॉक्स पर सेकंद हा भाजक ठेवला आहे. त्याने भागले की कोणत्याही यंत्रावर सेकंदच मिळतात. तरीही सावध राहावे लागते. कारण मायक्रोसॉफ्टच्या सी मध्ये हेच फंक्शन प्रोसेसरचा नव्हे, तर घड्याळाचा सरलेला वेळ देते. सरलेले वर्ष की चालू, हा दीक्षितांचा प्रश्न येथे नव्या वेषात भेटतो. आकडा घेण्याआधी तो कशाचा हे विचारा, ही त्यांची शिस्त यंत्रालाही लागू पडते.

१८९८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, ते वारले. घड्याळाने त्यांना थोडाच वेळ दिला. पण त्यातला कामी लागलेला वेळ मोजला, तर तो फार मोठा भरतो. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आपल्यासारख्या अनेकांनी त्यांच्यापासून एवढे जरी घेतले की साधने तोकडी असली तरी हिशेब चोख ठेवता येतो, तरी पुष्कळ झाले.